वहीत एक रकाना वाढवा

नमस्कार मंडळी. मागे दाराशी उभे आहात ते पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. मुलं सतरंजीवर बसलीयत ती तशीच बसूदेत. आठ वाजता ह्याच स्टेजवर नाटकाची तालीम आहे, आणि आपल्या गोव्यातल्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा तालुक्यात, एक वेळ लग्नाचा मुहूर्त टळेल पण तालीम टळायची नाही, म्हणजे माझ्या हातात पाऊण तास आहे. पत्रिकेवर विषय छापलाय 'आपल्या जलतरण क्लबची वाटचाल आणि यश'. ते मी सांगणारच आहे, पण त्याच्यासोबत एक मागणी घेऊन आलेय. ती शेवटी मांडते, कारण मागचं ऐकलंत तरच ती पटेल.

ही पिशवी बघा. हिच्यात अकरा वह्या आहेत, साध्या शंभर पानी. क्लब सुरू झाल्यापासून दर शनिवारी जेवढी मुलं तलावावर आली तेवढ्यांची वेळ मी ह्यात लिहिलीय. नाव, अंतर, प्रकार, वेळ आणि शेवटी शेरा. पहिली चार पानं शाईपेनची आहेत, काठावरून कोणी उडी मारली की पाणी थेट वहीवर, त्यामुळे तिथे नुसते निळे ढग दिसतात. पाचव्या पानापासून बॉलपेन. त्या पानावरची पहिलीच ओळ वाचते, '२५ मीटर, १ मिनिट ४८ सेकंद, मध्ये दोनदा दोरी धरली'. ही मुलगी आज तिसऱ्या रांगेत बसलीय आणि तिची लेक इथे सतरंजीवर आहे. लेकीची वेळ मी आत्ता वाचत नाही, घरी गेल्यावर दोघींचं भांडण नको.

आता क्लब का सुरू झाला ते सांगते, कारण नवीन पालकांपैकी बऱ्याच जणांना वाटतं की कोणालातरी पदकांची हौस होती. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. जून संपत आलेला, शाळा सुरू होऊन तीन आठवडे झालेले, आणि माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा रविवारी दुपारी चिरेखाणीत बुडाला. नाव घेत नाही, त्याचे भाऊबंद अजून गावात आहेत. हजेरीपटात त्याचा नंबर सतरा होता. पुढे कितीतरी दिवस मी सोळानंतर अठरा घ्यायचे आणि तेवढ्यापुरता अख्खा वर्ग गप्प व्हायचा, बाहेरच्या पागोळ्यांचा आवाज तेवढा यायचा.

चिरेखाण तुम्ही सगळ्यांनी बघितलीय, पण पाण्यात उतरणाऱ्याच्या डोळ्यांनी एकदा बघा. चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, मशीनने कापून काढतात, त्यामुळे खाणीच्या चारी बाजू भिंतीसारख्या सरळ असतात. नदीला काठ असतो, तळीला पायऱ्या असतात, बांयला, म्हणजे विहिरीला, निदान दगडांच्या खोबणी असतात. खाणीला यातलं काहीच नाही. काम संपलं की मालक निघून जातो, दोन पावसांत ती भरते, पाणी लाल-गढूळ, तळ दिसत नाही, आणि भिंतींवर शेवाळ धरतं. उडी मारायला फार सोपी जागा, बाहेर यायला जागाच नाही. आणि आता जे सांगतेय ते नीट ऐका. त्या मुलाला पोहता येत होतं. बरोबरच्या मुलांनी सांगितलं की त्याने दोन-तीन फेऱ्या मारल्या, मग बाहेर यायला जागा शोधत भिंतीच्या कडेकडेने फिरला, हात घसरत राहिले, आणि दमला. मुलं दोर आणायला वाडीत धावली, ती येईपर्यंत सगळं संपलं होतं. ओरडलासुद्धा नाही म्हणाली. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाहीच, तोंड पाण्याच्या वर असतं तेवढ्यात श्वास घ्यायचा की हाक मारायची, श्वासच घेतला जातो. सिनेमात हात हलवून 'वाचवा वाचवा' करतात ते बघून आपण फसतो.

तर त्या वर्षी आम्ही पाच-सहा जण बसलो. दोन शिक्षक, एक बँकेतले, एक कदंबच्या सरकारी बसचे ड्रायव्हर ज्यांना नदीत पोहण्याची सवय होती, आणि दोन आया. एका संस्थेचा २५ मीटरचा तलाव होता, त्यांच्याकडून सकाळी ६ ते साडेसात अशी वेळ मागून घेतली. तोच आपला क्लब.

इथे एक आडवळण घेते. आपण लहान असताना गावातली पोरं पोहायला कुठे शिकली? शिकवणीला कोणी जात नव्हतं. दोन सुके नारळ, न सोललेले, दोरीने जोडून काखेत अडकवले की पोर तरंगायचं. काथ्यात हवा असते ना. कोणी केळीचा खांब घ्यायचं, कोणी पाठीला डबा बांधायचं. २४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण, आला की शेजारच्या ख्रिश्चन घरांतली मुलं डोक्यावर फुलांचं कोपेल घालून बांयत उड्या मारायची, आणि त्यांच्यामागून आमच्यातली पण. मला माझ्या आजोबांनी गावच्या तळीत शिकवलं. त्यांनी पहिले आठ दिवस हातपाय हलवायलाच दिले नाहीत. मानेखाली एक तळवा धरायचे आणि म्हणायचे, "नीज. पाण्यावर नीज. आधी निजायला शिक, मग पळायला." मला राग यायचा, बाकीची पोरं शर्यती लावतायत आणि मी आकाशाकडे बघत पडलेय. नवव्या दिवशी त्यांनी हात काढला ते मला कळलंच नाही.

आता बांयवर जाळी बसली, चांगलंच झालं ते. बऱ्याच तळ्यांवर पोहायला मनाई आहे. व्हाळ, म्हणजे ओढे, आटले किंवा घाण झाले. मुलं फ्लॅटमध्ये वाढतात. पण पाणी कुठे गेलंय? आपल्या एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला झुआरी, मध्ये खाजनं म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची बांध घातलेली शेतं, त्यांच्या मानशी म्हणजे पाण्याची दारं, कुंभारजुव्याचा कालवा, तिथे तर मगरी आहेत. पावसात धबधबे आणि खाणी. जिल्हाधिकारी पावसाळ्यात बंदीचे आदेश काढतात आणि तरीही पेपरात बातमी येते. पाणी जिथल्या तिथे आहे, फक्त पोरांची आणि पाण्याची ओळख तुटली.

बरं, वाटचाल. पहिल्या राज्यस्पर्धेची गोष्ट सांगते, जुन्या लोकांनी दहा वेळा ऐकलीय पण मुलांनी नाही ऐकलेली. सात मुलं घेऊन पहाटेच्या बसने पणजीला गेलो. सातांत मिळून गॉगल दोन. आमच्या मुलांनी तोवर २५ मीटरपेक्षा मोठा तलाव बघितलाच नव्हता, आणि समोर ५० मीटरचा. एक मुलगा काठावर उभा राहून मला विचारतो, "टीचर, पलीकडल्या टोकाला कुठला गाव?" तो पाठीवरच्या शर्यतीत उतरला, म्हणजे बॅकस्ट्रोक. आता बॅकस्ट्रोकला पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही, म्हणून भिंतीच्या ५ मीटर अलीकडे वरून झेंड्यांची दोरी बांधलेली असते. ती डोक्यावरून गेली की मोजायचं, एक दोन तीन चार, आणि हात लावायचा. कोणाला तीन हात लागतात, कोणाला पाच, ते आपापलं ठरलेलं असतं. आमच्या तलावावर तसली दोरी कधी नव्हतीच, मग त्याला काय माहीत. त्याने वर रंगीत पताका बघितल्या, त्याला वाटलं कोणा मंत्र्याच्या स्वागताला लावल्यात, आणि तो पूर्ण वेगाने गेला तो डोकं भिंतीवर. पाण्याबाहेर आला तेव्हा कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, आणि मला पहिलं वाक्य, "टीचर, पळयात, हांव थांबूंक ना!" म्हणजे बघा, मी थांबलो नाही. खरंच थांबला नव्हता, आणि तिसरा आला होता.

त्याच दिवशीची दुसरी. एक मुलगी ५० मीटर फ्रीस्टाईलला होती. तिला आमच्याकडे ब्रेस्टस्ट्रोकच चांगला यायचा, बेडकासारखा, आणि डोकं वर ठेवून, कारण ती नदीकाठची, नदीत डोकं वर ठेवावंच लागतं, समोरून होडी येते की लाकूड ते बघायला. ती उतरली आणि फ्रीस्टाईलच्या शर्यतीत निवांत ब्रेस्टस्ट्रोक मारत निघाली. बाकीच्या पोहून, टॉवेल गुंडाळून बसल्या तरी ही येतेच आहे. काठावरचे एक अधिकारी चिडले, म्हणाले बाद करा हिला, चुकीचा प्रकार. आणि तिथे एक वयस्कर पंच होते, त्यांनी खिशातून नियमांची पुस्तिका काढली आणि शांतपणे वाचून दाखवलं की फ्रीस्टाईल म्हणजे कोणत्याही पद्धतीने पोहणं. खरंच तसंच आहे मंडळी. सगळे क्रॉल मारतात, एकेक हात आळीपाळीने पुढे टाकत, कारण तो सगळ्यात वेगवान, पण मेडली, म्हणजे एकाच शर्यतीत चारही प्रकार, ती सोडली तर फ्रीस्टाईलमध्ये पोहणाऱ्याला पाहिजे तो प्रकार चालतो. तिची वेळ नोंदली गेली. ती वेळ इथे दुसऱ्या वहीत आहे, शेवटून पहिली, आणि शेऱ्यात मी लिहिलंय 'बाद नाही'. परतीच्या बसमध्ये सगळ्यात जास्त गाणी तिने म्हटली.

पुढच्या आठवड्यात आम्ही जत्रेच्या उरलेल्या पताका आणल्या, काथ्याच्या दोरीला शिवल्या, आणि तलावावर दोन्ही बाजूंना ५ मीटर मोजून बांधल्या. एका पताकेवर देवळाचं नाव अर्धं वाचता यायचं. ती दोरी कितीतरी वर्षं टिकली. आपल्या क्लबची पहिली मालमत्ता ती.

घड्याळाबद्दल बोलू द्या, कारण टाईमकीपरचं काम कोणाला दिसत नाही आणि आता मी ते सोडतेय. २५ मीटरच्या तलावात शिट्टी एका टोकाला वाजते आणि घड्याळवाला दुसऱ्या टोकाला उभा असतो. आवाज तिथवर पोचायला साधारण ०.०७ सेकंद जातो. म्हणजे शिट्टी ऐकून बटण दाबलं तर मुलाला तेवढा फुकटचा फायदा. म्हणून शिट्टी वाजवणाऱ्याचा हात खाली येताना बघून दाबायचं, कानाने नाही, डोळ्याने. तुम्ही म्हणाल एवढ्याशा वेळेचं काय घेऊन बसलात. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला ४०० मीटर मेडलीत स्वीडनचा गुन्नर लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी दोघेही ४ मिनिट ३१.९८ सेकंदांत आले. मग यंत्रावर पुढचा आकडा बघितला आणि लार्सनला सेकंदाच्या दोन हजारांश भागाने सुवर्ण दिलं. त्या वेगाला हे अंतर साधारण तीन मिलिमीटर होतं. नंतर लोकांच्या लक्षात आलं की तलावाची भिंत बांधतानाच एका लेनचा दुसऱ्या लेनशी याहून जास्त फरक पडू शकतो, म्हणून नियम बदलून शंभरांश भागावर थांबले, आणि आता तिथे बरोबरी झाली तर दोघांनाही पदक. आमच्या तलावात चौथ्या लेनची एक टाईल निखळलेली होती, तिथे बोटभर जास्त पोहावं लागायचं. म्हणून मी मुलांना लेन फिरती ठेवायचे, एकाच पोराला दर शनिवारी चौथी नाही.

आणि त्याच ऑगस्टमध्ये, त्याच पश्चिम जर्मनीत, हायडलबर्गला आपला सांगली जिल्ह्यातला माणूस पोहत होता. मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान, आधी बॉक्सर, कमरेखाली अधू झाल्यावर पोहायला लागले. अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रम आणि भारताचं तिथलं पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. हा आकडा, ३७.३३, मी प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय. मुलं विचारतात टीचर हा कोणाचा टाईम, मग मी सांगते.

आता थोडं मनातलं. काही वर्षांपूर्वी आपला तलाव बंद पडला. कोणाचा तलाव, कोणाची जबाबदारी, नावं घेत नाही, आज ती माणसं पण बदललीत. एक दिवस सकाळी सहाला मुलं गेली तर गेटवर कागद, 'दुरुस्तीसाठी तलाव पंधरा दिवस बंद राहील'. ते पंधरा दिवस चौदा महिने चालले. आणि बिघडलं काय होतं? फिल्टरचा पंप. २५ बाय साडेबारा मीटरचा, सरासरी दीड मीटर खोल तलाव धरा, साधारण पावणेपाच लाख लिटर पाणी होतं. हे पाणी सारखं फिरत राहिलं पाहिजे, वाळूच्या फिल्टरमधून गेलं पाहिजे आणि त्यात क्लोरीन ठरलेलं राहिलं पाहिजे. पंप थांबला की पाणी थांबलं, आपल्याकडच्या उन्हात क्लोरीन बघता बघता उडून जातं, आणि मग शेवाळ. चौथ्या दिवशी हिरवट झाक, दहाव्या दिवशी तळाच्या काळ्या रेघा दिसेनात, महिन्याने बेडूक. पंप दुरुस्त करायचा खर्च कोणी करायचा ह्यावर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद फिरला. मी स्वतः नऊ वेळा गेले. दर वेळी चहा मिळाला, खुर्ची मिळाली, "टीचर तुमचं काम होणार" असं आश्वासन मिळालं. दहाव्या वेळी मी सहावी वही घेऊन गेले आणि त्यातली कोरी पानं दाखवली. दर शनिवारची तारीख मी लिहीत राहिले होते आणि खाली काहीच नाही, तारीख आणि कोरं, तारीख आणि कोरं, असे साठ शनिवार. त्या साहेबांनी ती पानं एकेक उलटली. काही बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी पंप आला. पण तोवर आपली अर्धी मुलं गेली होती. बारा-तेरा वर्षांच्या पोराचं एक वर्ष म्हणजे काय हे ज्याने घड्याळ धरलंय त्यालाच कळतं, ते वय परत येत नाही. एक मुलगी होती, १०० मीटरला दर महिन्याला सेकंदभर तरी कमी करत होती, तलाव उघडला तेव्हा ती क्लासेसना लागली होती. ती आज चांगल्या नोकरीत आहे, भेटते, पण मला तिची पानं उघडवत नाहीत.

त्या चौदा महिन्यांत आम्ही काय केलं, तर रविवारी टेंपो करून मुरगाव तालुक्यातल्या एका छोट्या किनाऱ्यावर जायचो. सात-आठ मोठी मुलं, दोन पालक, मी. आणि एका रविवारी जे झालं त्यावरच माझी आजची मागणी उभी आहे. ओहोटी लागली होती, आम्ही वेळ बघण्यात चूक केली, आणि दोन मुलं ओढीत सापडली. एक आमचा सगळ्यात वेगवान, राज्यात पदक घेतलेला. दुसरा आमचा सगळ्यात हळू, गोलमटोल, जो अजून ५० मीटरला दोनदा थांबायचा. वेगवान मुलाने काय केलं? जे आम्ही त्याला शिकवलं होतं तेच. किनाऱ्याकडे तोंड केलं आणि जीव खाऊन क्रॉल मारायला लागला. ओढीच्या विरुद्ध कोणीही जिंकत नाही, तो होता तिथेच राहिला आणि दोन मिनिटांत त्याचे हात वर येईनासे झाले. आणि तो दुसरा? मी काठावरून बघतेय, माझ्या पायातलं बळ गेलेलं, आणि तो पाठीवर पडला. हात पसरले, पोट वर, आणि पडून राहिला. लाटेबरोबर वर खाली, ओढीबरोबर बाहेर बाहेर जात. जीवरक्षक आधी वेगवान मुलाकडे गेला कारण तो बुडत होता. त्याला आणून, परत जाऊन दुसऱ्याला आणलं, तोवर तो आरामात होता. वाळूवर आल्यावर म्हणतो, "टीचर, हांव बुडूंक ना, हांव निजलों!"

नीज म्हटलं होतं आजोबांनी. आणि ते मी माझ्या मुलांना शिकवलंच नव्हतं. ह्याला ते त्याच्या आजीने शिकवलं होतं, गावच्या तळीत. मी इतकी वर्षं ह्या वह्यांत कोण किती जोरात गेला ते लिहिलं. सतरा नंबरच्या मुलालाही जाता येत होतं. त्याला थांबता येत नव्हतं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. बाहेर तालमीची पेटी पण आलेली दिसतेय. चला, मग भरभर सांगते.

यश. पत्रिकेत छापलंय म्हणून सांगितलंच पाहिजे, आणि मला अभिमान आहेच. राज्य पातळीवर आपल्या मुलांनी पदकं घेतली, ती कपाटात आहेत, सगळ्यांनी जाताना बघा. एक मुलगी राष्ट्रीय शालेय स्पर्धेपर्यंत गेली. मालवणला चिवला बीचवरच्या सागरी स्पर्धेत आपली मुलं पोहून आली. २०२३ ला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा जलतरण कांपालच्या तलावावर होतं, आपण बस करून मुलांना घेऊन गेलो, आणि जी शर्यत आपण फोनवर बघायचो ती दहा हातांवरून बघितली. वीरधवल खाडे तिथे पोहला. कोल्हापूरचा मुलगा, २००८ ला सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला, २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य. आपल्या एका मुलाने स्टँडमधून स्वतःच घड्याळ लावलं, आणि बोर्डवरच्या वेळेशी त्याचा ०.२ चा फरक आला, तेव्हापासून तो माझा मदतनीस आहे.

पण माझ्या हिशेबात आणखी काही आहेत. तो निजणारा मुलगा आज उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावर जीवरक्षक आहे, आज ड्यूटीवर असल्यामुळे आला नाही. बाद न झालेली मुलगी शाळेत पीटी टीचर आहे. टेंगूळवाला परदेशात बोटीवर. आमच्या पहिल्या सातांतले चौघं आपल्या मुलांना घेऊन येतात.

आता मागणी. वहीत एक रकाना वाढवा. वेळेच्या शेजारी. 'किती वेळ थांबला'. अंगावर नेहमीचे कपडे, शाळेचा शर्ट-पँट किंवा सलवार-कमीज, आणि काही न धरता खोल पाण्यात दहा मिनिटं. पाठीवर पडा, उभ्याने पाय मारा, कसंही, पण राहा. कपडेच का, तर पाण्यात कोणी स्विमसूट घालून पडत नाही. आणि मुलांना हे कळायला पाहिजे की ओले कपडे पाण्यात असताना आपल्याला खाली ओढत नाहीत, फक्त हातापायाला अडवतात, म्हणून हालचाल सावकाश करायची. जड होतात ते बाहेर निघताना. म्हणून दहा मिनिटांनंतर शिडी न वापरता काठावर चढायचं, हा दुसरा भाग. आणि तिसरा भाग काठावरच्यांसाठी. कोणी बुडताना दिसला तर मागून उडी नाही मारायची. तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन झाकण लावून, त्याला दोरी, तो फेकायचा. प्रत्येक मुलाने तो दहा हात लांब नेमका फेकून दाखवायचा. असा कॅन आणि दोरी आपण गावातल्या प्रत्येक चिरेखाणीपाशी खांबाला बांधून ठेवूया, फार तर दोनशे रुपयांचं काम आहे. चोरीला गेला तर दुसरा बांधू.

हा रकाना भरल्याशिवाय कोणालाही स्पर्धेला पाठवायचं नाही, कितीही वेगवान असला तरी. इथे मला विरोध होणार हे माहीत आहे. कोचसाहेब म्हणतात आठवड्याचे सहा तास मिळतात, त्यात हे कुठे बसवायचं. साजन प्रकाशने २०२१ ला रोमला २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहून ऑलिम्पिकची थेट पात्रता मिळवली, असं करणारा तो पहिला भारतीय, तिथवर जायचं तर एकेक मिनिट पाहिजे. मान्य. तरीही मी मागतेय. वर्षातून दोन शनिवार द्या. एक मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी. एक २५ जुलैच्या आसपास, त्या दिवशी बुडून होणारे मृत्यू टाळण्यासाठीचा जागतिक दिवस असतो, संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ला ठरवलेला. आणि क्लबात नसलेल्या मुलांसाठी, गावातल्या सरकारी शाळेची चौथी, दर वर्षी तो वर्ग पूर्ण आपल्याकडे आला पाहिजे, फी नाही. शाळेशी मी बोलते. तलावाशी तुम्ही बोला, मी दहा वेळा गेलेय, आता अकराव्या वेळी माझ्याबरोबर चारजण चला.

पुढच्या दहा वर्षांचं मला खूप सांगायचं होतं, ५० मीटरच्या तलावाचं, मुलींच्या गळतीचं, दहावीच्या वर्षाचं, ते राहिलं. कमिटीच्या बैठकीत बोलेन.

बारावी वही मी आणलीय. रेघा मारून ठेवल्यात, सहा रकाने आहेत, त्यातला एक नवीन. गो बाये, तू ये वर, तुलाच बोलावतेय, लाल फ्रॉकवाली. हे घड्याळ आता तुझ्याकडे. दोरी गळ्यात घाल, हातात धरलं की पाण्यात पडतं. हात बघून दाबायचं, शिट्टी ऐकून नाही. आणि उद्या सकाळी सव्वासहाला सगळ्यांनी जुने कपडे घालून या, जीन्स चालेल, चप्पल काठावर काढा. पालकांपैकी ज्यांना उतरायचं असेल त्यांनीही या, तिसऱ्या रांगेतून आत्ताच एक हात वर झालाय, तिचं नाव पहिलं लिही. चला, खुर्च्या उचलूया, तालमीची मंडळी दारात उभी आहेत.